काठाची ओळ

नागपूरहून शेवटची एसटी सव्वाआठला फाट्यावर सोडते.
तिथून दीड किलोमीटर.
एका चपलेचा अंगठा तुटलेला,
आणि डोक्यात अजून ते उलटं पळणारं घड्याळ
जे दिवसभर स्क्रीनच्या कोपऱ्यात होतं.

सहा विभाग होते.
पाच मोजतात, एक मोजत नाही.
कोणता, ते सांगत नाहीत.
पुढच्या वर्षीच्या पोरांचे प्रश्न
आधी आमच्यात पेरून बघतात,
उगवतात का,
कितीजण तरतात, कितीजण आडवे होतात.

अमरावतीच्या क्लासचे सर म्हणाले होते,
शोधू नका. सगळेच मोजतात असं धरा.
मी वहीत लाल पेनानं लिहून घेतलं होतं,
खाली दोन रेघा.

तरी शोधलाच.
दुसऱ्यांदा गणित आलं तेव्हा प्रश्न परके वाटले,
एका आकृतीत तर कोनाला नावच नव्हतं.
म्हटलं, हाच तो.
हात सैल सोडला.
चार प्रश्नांना न वाचताच टिचकी मारली
आणि उरलेली सात मिनिटं खिडकी शोधली.
त्या खोलीला खिडकी नव्हती.

मग तिसऱ्यांदा गणित आलं,
इतकं सरळ, इतकं गरीब,
की पोटात गोळा उठला.

आई ओट्यावर, बल्बखाली,
लुगड्याच्या काठातले गोखरू काढत बसलेली.
शेजारी पंचफुलामावशी.
दोघी संशोधन केंद्राच्या जवसात निंदायला जातात,
चार वर्षं झाली.
वीस वाण, प्रत्येकाच्या पाच ओळी,
लोखंडी सळईवर पांढऱ्या पाट्या.
दोन्ही कडेच्या ओळींना तायवाडे साहेब बॉर्डर म्हणतात.
त्या वजनात धरत नाहीत.
कापणीला आधी त्याच कापून बाजूला टाकतात,
मग तराजू आणतात.

मी सगळं सांगितलं. विभाग, घड्याळ, चार टिचक्या.
आई म्हणाली,
"आमाले तं मालूम रायते व, कोनती ओळ मोजत नाई थे.
तरी निंदाच लागते.
काठच्या ओळीत तन ठेवलं तं थे आत सरकते.
वारा बी पयले तिलेच लागते, बकरी बी तिलेच."
एवढं बोलून ती पुन्हा गोखरूकडे वळली.
जरा वेळानं मान वर करून,
अगदी हिशेबाच्या आवाजात:
"मंग त्या न मोजलेल्या इभागाचा
रोज किती देला त्यायनं?"

मी म्हटलं, आई, उलट मीच पैसे भरले.

पंचफुलामावशी इतकी हसली
की तिला ठसका लागला.
"आमी काठच्या ओळीचे बी पुरे पैसे घेतो व माय,
अन् तू शिकलेली!"
आई हसली नाही.
ती मनात फीचे रोज करत होती,
मला ओठ हललेले दिसले.
साठच्या पुढं गेल्यावर तिनं मोजणं सोडलं
आणि पोळ्या टाकायला उठली.

रात्री झोप नाही.
दुसरा की तिसरा.
दुसरा असेल तर मी हुशार,
तिसरा असेल तर मी चार प्रश्नांनी मेले.
निकालाच्या कागदावर हे लिहून येत नाही.
कधीच कळत नाही, म्हणे, कोणालाच.

सकाळी डबा घेऊन प्लॉटवर गेले.
जवस नुकतं फुलावर यायला लागलेलं,
निळं, उन्हं चढली की मिटणारं.
आई कडेच्या ओळीत होती.
मी नीट पाहिलं,
तिचा हात तिथं जरा तरी सैल पडतो का.
खरं सांगायचं तर पडत होता.
थोडासा.
बारीक हराळी ती सोडून देत होती,
मोठी तेवढी मुळासकट.
मला का कोण जाणे फार बरं वाटलं.

तायवाडे साहेब वहीत आकडे लिहीत
आतल्या ओळींमधून पुढं गेले.
मी पदर खोचून तिच्यासमोर बसले.
काय म्हणावं ते सुचेना.
म्हटलं, आई, मी तिथं पण...
"पाय उचल," ती म्हणाली,
"रोपावर हाय."